सहा इंचांचा आरसा

महाल, नागपूर
१७ जानेवारी १९३७

वच्छला,

तुझ्या नावाआधी जे लिहायची रीत आहे ते लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नावच लिहिलं. पाच वर्षांनी लिहितो आहे. रुपराव आणि सुभद्रा, तुझे दीर-जाऊ, आणि मुलं खुशाल असतील असं धरून चालतो. इकडे तुझ्या वहिनीची, देवकीची, कंबर सोडली तर सगळं ठीक आहे. अक्षर मोठं दिसेल. टाक नवा आहे.

कामाचं सांगतो. कलकत्त्याच्या तारा-निरीक्षक मंडळाचं पत्र आलं आहे. त्यांचे एक वृद्ध सभासद वारले आणि त्यांच्या दोन दुर्बिणी मंडळाच्या ताब्यात आल्या. त्यांतली एक आपल्याला कायम वापरायला द्यायची असं तिथं ठरलं. चिटणीस लिहितात की नागपूरच्या जुन्या नोंदी इतक्या भरवशाच्या आहेत की तीन इंची दुर्बिणीवर हा डोळा वाया घालवणं बरं नव्हे. कोणती हवी ते मार्चअखेर कळवायचं आहे.

तीन इंचीचं दुखणं तुला सांगायला नको. आपला उत्तर मुकुट तारकासमूहातला तारा एरवी गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. मग एखाद्या वर्षी काही न कळवता तो मंदावत जातो, आणि तेजाच्या अकराव्या प्रतीच्या खाली उतरला की आपल्या दुर्बिणीतून नाहीसाच होतो. मग कित्येक महिने त्या रिकाम्या जागेकडे पाहायचं आणि वहीत ‘दिसला नाही’ एवढंच लिहायचं. तो तळाला किती गेला, तिथं किती दिवस राहिला, हे आपल्याला कधीच कळलं नाही.

आता ज्या दोन आहेत त्यांतली एक चार इंची, भिंगाची, आपल्यासारखीच पण नळी पुरुषभर लांब. दुसरी सहा इंची, आरशाची. तिच्या नळीच्या तळाला खोलगट आरसा बसवलेला आहे आणि डोळा लावायची जागा वरच्या टोकाला, बाजूला. पहिलीला काही करावं लागत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. दुसरीत उजेड खूप जास्त येतो, पण आरशावरचा चांदीचा मुलामा दमट हवेत काळवंडतो.

मी चार इंचीकडे झुकलो आहे. तुझं मत कळवशील तर बरं होईल.

महादेव


९ फेब्रुवारी १९३७

वच्छला,

तुझं उत्तर नाही. डाक चुकली असेल असं पहिले आठ दिवस स्वतःला सांगितलं.

चार इंचीकडे झुकलो आहे असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी कुठंच झुकलेलो नाही, कारण झुकायला आधी पाहता यावं लागतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा जवळजवळ गेला. डाव्यातून फळ्यावरची माझीच रेघ मला दुहेरी दिसते. चित्रकलेच्या मास्तरला हे किती दिवस लपवता येईल ते तूच सांग. मुलांना मी हल्ली फक्त मातीचे घट आणि पेरू काढायला देतो, म्हणजे चुका तपासायला फार बघावं लागत नाही. डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय कापता येत नाही. टाक जुनाच आहे.

तू विचारशील, मग दुर्बीण हवी कशाला. देवकीनंही हेच विचारलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमाले दिवा दिसत नाही, तारा कायले पाहता?” मी म्हटलं, मंडळानं मानानं देऊ केली आहे, नाही म्हणणं शोभत नाही. पोळ्या लाटायचं थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं असावं. लाटण्याचा आवाज थांबला होता.

आज एवढं लिहितो, की तू गेल्यावर या गच्चीवरून एकही नोंद कलकत्त्याला गेलेली नाही. प्रकृतीचं कारण कळवत आलो. ते मात्र आता खरं झालं. आणि डोळे चांगले होते तेव्हाही, शेजारच्या ताऱ्यापेक्षा हा दोन दशांशांनी मंद आहे की तीन, हे मला कधी कळलं नाही. मी खाली बसून, लाल कागद लावलेल्या कंदिलापाशी, तू सांगशील तो आकडा लिहायचो. एक-दोनदा तू जेवायला खाली गेलीस तेव्हा मी डोळा लावून पाहिला होता. मला सगळे सारखेच दिसले.

म्हणून विचारतो आहे. कोणती घ्यावी हे माझ्या माहितीत एकच माणूस सांगू शकतं.

महादेव


२८ फेब्रुवारी १९३७

वच्छला,

परवा यमुताई भेटल्या. मुलींच्या शाळेतली नोकरी आता सुटली त्यांची. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी पुढं विचारलं, “इंग्रजी वाचते का अजून?” त्या भलताच वेळ माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना सगळं माहीत आहे असं मला वाटतं. नसेल तरी काय फरक पडतो.

ते मी आता लिहून टाकतो.

पहिल्यांदा मंडळाचा कागद आला तेव्हा त्यात ‘निरीक्षक’ म्हणून एकच रकाना होता. मी माझं नाव लिहिलं. त्या वेळी मनात पाप नव्हतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. पण थोडं होतं. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माघारी आलेली बहीण गच्चीवर बसून आकाश पाहते, हे गल्लीत बोललं जात होतंच. ते कलकत्त्याच्या कागदावर कशाला, असं मी मनाशी म्हटलं. मग तू आपला तारा मंदावायला लागल्याचं पाहिलंस ते वर्ष आलं. मंडळातल्या कोणाच्याही चार दिवस आधी तू पाहिलं होतंस. त्यांनी ते आपल्या इंग्रजी पत्रिकेत छापलं. अंक आला तेव्हा तू उंबऱ्यात तांदूळ निवडत होतीस. हात झटकून उठलीस.

तू विचारलंस, “यात माह्यं नाव कुठी हाय, दादा?”

मी पान उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. म्हटलं, “हे पाह्य. हे तुह्यं.”

तू त्या छापील अक्षरांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, “लहान हाय गा.” आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसलीस. त्यानंतर प्रत्येक अंक आला की तू ते पान मागायचीस आणि मी बोट ठेवायचो. सात अंक झाले.

शाळेत तपासनीस आले होते, त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर माझी तारीफ केली. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना तो विनय वाटला.

तू यमुताईंकडे दुपारी जायला लागलीस तेव्हा मला वाटलं भरतकाम शिकतेस. त्या उन्हाळ्यात एका सकाळी सातही अंक तू माझ्या पाटाशेजारी मांडून ठेवलेस. आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालीस, “यात माह्यं व्ही कुठीच नाही.” मी आमटीत भात कालवत राहिलो. पुढच्या आठवड्यात सुभद्रेच्या बाळंतपणाचं निमित्त करून तू सावनेरला गेलीस, आणि ते बाळंतपण पाच वर्षं चाललं आहे.

मी कलकत्त्याला चिटणिसांना खरं काय ते लिहून आज डाकेत टाकलं. अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी तुझ्या आहेत, माझी एकही नाही, असं लिहिलं. इंग्रजी तीनदा तपासलं. दुर्बिणीचा प्रश्न आता उरतो की नाही, मला माहीत नाही.

महादेव


सावनेर
१० मार्च

दादा,

तुह्ये तीनही कागद भेटले. पहिला भेटला तवा सुभद्राच्या पोराले गोवर होता, मग मले लिहावंसं वाटलं नाही.

सहा इंची घे. आपला तारा पार डोक्यावरून जाते. लांब नळीच्या दुर्बिणीतून तो पाहाचा म्हणजे जमिनीवर लोळून मान मोडा लागते. मी ते अकरा वर्सं केलं, आता गुडघे तसे नाहीत. आरशाचीले डोळा वरतून बाजूनं लावतेत असं तू लिहिलं, म्हणजे माणूस उभं राहून पाहू शकते. अन् मुद्दा उजेडाचा हाय. चार इंचीत तो अर्ध्या प्रतीनं पुढं दिसन, मग तिथंही हरपन. तळ नाही भेटणार. चार इंची घेऊन तेच दुखणं पुन्हा घ्याचं असन तं तीन इंची काय वाईट हाय.

चांदी काळी पडते ते पडू दे. काळी पडली तरी चार इंचीपेक्षा जास्त दिसन. पुसू मात्र नाही.

तू जे बाकीचं लिहिलं ते वाचलं.

वच्छला


४ एप्रिल १९३७

वच्छला,

परवा सावनेरहून परतलो. तुझ्यासमोर जे धड बोलता आलं नाही ते लिहितो, आणि जे बोललो तेही पुन्हा लिहितो, कारण रुपराव मध्ये मध्ये सरकीचे भाव सांगत होते आणि तू नीट ऐकलंस की नाही कळलं नाही.

चिटणिसांचं उत्तर सभ्य होतं. ते म्हणतात, खरं सांगितल्याबद्दल मंडळ आभारी आहे. परंतु ज्या नोंदींचा निरीक्षक कोण हे आता निश्चित सांगता येत नाही, वह्या सगळ्या एकाच हस्ताक्षरात आहेत आणि ते हस्ताक्षर स्वतःच म्हणतं की मी पाहिलं नाही, अशा नोंदी तक्त्यात ठेवता येणार नाहीत. नागपूरच्या अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी त्यांनी रद्द केल्या. तो तारा मंदावल्याची पहिली नोंदही आता दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेली.

हे मी तुला तुळशीपाशी उभा राहून सांगितलं. तू विहिरीवरून आणलेला पाण्याचा गुंड खाली ठेवलास.

“अकरा वर्सं म्हणजे किती नोंदी होत्या गा?” तू विचारलंस.

“बाराशेच्या वर.”

“मंग त्या पाह्यल्याच नाही असं म्हणते का तो?”

“कोणी पाह्यल्या ते ठरत नाही म्हणते.”

“मी होती नं तिथं,” तू म्हणालीस.

मी म्हटलं की मी खरं सांगायला गेलो होतो. तू पदरानं हात पुसलेस आणि माझ्याकडे न पाहता बोललीस. ते वाक्य मला येताना गाडीत सावनेरपासून इतवारी स्टेशनापर्यंत ऐकू येत होतं. “नाव लपवलं तवा मले इचारलं नाही. सांगितलं तवाही इचारलं नाही. दोन्ही बार तुह्यं तूच ठरवलं.”

मग सुभद्रेनं हाक मारली आणि तू आत गेलीस. मला वाटलं परत येशील. मी ओसरीवर बसून राहिलो. शेवटी रुपराव म्हणाले, गाडीची वेळ झाली.

जे सांगायचं राहिलं ते असं. पत्राच्या शेवटी चिटणिसांनी लिहिलं आहे की, तुमच्या भगिनींची तयारी असेल तर त्यांनी नवीन सभासद म्हणून स्वतःच्या हातानं नोंदी पाठवाव्यात. सुरुवातीच्या वर्षाच्या नोंदी इतरांशी ताडून पाहिल्या जातील. जमल्या तर पुढच्या तक्त्यात येतील. त्यासाठी दोन्हींपैकी एक दुर्बीण द्यायला ते अजून तयार आहेत. म्हणजे अकरा वर्षं पाहून झालेल्या बाईला ते बघता येतं की नाही याची परीक्षा देणार. मला ते वाचून राग आला होता, आणि मग तो राग करायचा हक्क मला नाही हेही कळलं.

या वेळी मी काही ठरवलेलं नाही. त्यांना उत्तर लिहिलेलं नाही. तू सांगशील ते लिहीन. काहीच सांगितलं नाहीस तर काहीच लिहिणार नाही.

तुझ्या घरावर कवेलूंचं छप्पर आहे, गच्ची नाही. पण मागचं खळं मी येताना पाहिलं. पश्चिमेला चिंच आहे, वर मात्र मोकळं आहे.

महादेव


सावनेर
२१ एप्रिल

दादा,

रुपरावले मी इचारलं. ते म्हणाले, लोक काय म्हणतीन. मी म्हटलं, मी बावन्न वर्साची हाय, आता लोकायले बोलाले दुसरी कोणी पाहा म्हणा. सुभद्रा हसली. मंग ते गाडा जुंपाले गेले.

खळ्यात जागा हाय. कापूस येते तवा दोन महिने नसते, बाकी हाय.

त्या चिटणीसाले लिही का सहा इंची पाठव. नाव माह्यं लिही, सासरच्या आडनावानं, पुरं. परीक्षा घेते तं घेऊ दे. मले दिसते.

जुनं गेलं ते मले फार लागलं. रात्री झोप लागत नाही अन् मग वाटते उठून पाहावं, पण पाहून सांगाचं कोणाले. आता वही मीच लिहीन. आकडे इंग्रजी लिहिता येतात, यमुताईनं शिकवले. अक्षर वाकडं येते पण वाचता येते.

दुर्बीण पाठव. तू येऊ नको. राग म्हणून नाही सांगून राहिली. तू बाजूले बसला का मी तुले सांगाले लागीन अन् तू लिहाले लागशीन.

डोळ्याचं औषध वेळेवर घाल.

वच्छला


महाल, नागपूर
२३ मे १९३७

वच्छला,

पेटी कलकत्त्याहून आठ दिवसांपूर्वी आली. आज इतवारीहून सावनेरच्या गाडीवर चढवली. नळी वेगळी बांधली आहे, पाय वेगळे. आरसा लाकडी डब्यात सरकी काढलेल्या कापसात आहे. तो डबा रुपरावांच्या गाड्यावर ठेवू नकोस, कोणाला तरी हातात धरून आणायला सांग.

मी पेटी उघडली होती, हे तुला सांगायला हवं. वाटेत काही फुटलं नाही ना ते पाहायचं होतं, असं देवकीला म्हटलं. संध्याकाळी दोन हमालांकडून ती गच्चीवर नेऊन उभी केली. शुक्र पहाटे असतो, म्हणून चंद्रावर लावली. मी डावा डोळा लावला. ओल्या फडक्याआड दिवा ठेवावा तसं काहीतरी पांढरं दिसलं. बराच वेळ पाहिलं. देवकीनं विचारलं, “काय दिसते?” मी म्हटलं, चांगली आहे. मग तिला डोळा लावायला सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली. नंतर खाली उतरताना म्हणाली, “वच्छलाबाईले अशीच पाहिजे होती.”

आता कामाचं. आरसा बसवलास की डोळा लावायच्या भोकातून आधी दिवसा पाहा. तुझाच डोळा तुला बरोबर मध्यभागी दिसला पाहिजे. नसेल तर आरशामागे तीन मळसूत्रं आहेत, ती थोडी थोडी फिरव. एकच एकदम फिरवू नकोस. नळी उघडी टाकू नकोस, कोळी जाळी करतात. धूळ बसली तर बसू दे, फार झाली तर मऊ पिसानं हलकेच उडव. पाऊस सुरू झाला की आरसा काढून त्याच डब्यात ठेव आणि डब्यात कळीचा चुना पुरचुंडीत बांधून टाक, म्हणजे दमटपणा कमी लागेल. सावनेरचा कल्हईवाला म्हणेल मी चकचकीत करून देतो. त्याला हात लावू देऊ नकोस. मुलामा गेलाच तर आरसा कलकत्त्याला पाठवावा लागेल. तिथला पत्ता डब्याच्या झाकणात चिकटवला आहे.

मंडळाचे कोरे कागद पन्नास आहेत. निरीक्षकाचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. शेजारच्या ताऱ्यांचा नकाशा मी पुन्हा काढून द्यायचा प्रयत्न केला. तो बिघडला, म्हणून जुनाच घातला आहे, त्याला कडेला तेल लागलेलं आहे.

चिटणिसांनी लिहिलं आहे की आपला तारा मार्चपासून पुन्हा उतरतो आहे. त्यांच्याकडे सध्या तो तळापर्यंत पाहू शकणारा एकच निरीक्षक आहे, लंकेत, आणि तिकडे आभाळ भरलं. म्हणजे पाऊस पडेपर्यंतचे हे पंधरा दिवस तुझे आहेत. आता तो तिन्हीसांजेनंतर पूर्वेला चढलेला असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येतो. उभी राहूनच पाहा.

पावसाळ्यानंतर माझा डोळा कापणार आहेत. शाळेतून मी निवृत्ती घेतली.

पेटी मिळाल्याचं कळवायला बसू नकोस, त्यात एक संध्याकाळ जाईल. पेटी सोडवलीस की स्टेशनमास्तर बिल्टी, म्हणजे रेल्वेची पावती, मला परत पाठवतात. ती आली म्हणजे मला कळेल.

महादेव